पोकळ पान

शिवाजी पेठेत चिमणाबाईचं घर शोधायला पत्ता लागत नसे. "मुतखड्याची बाई कुठं ऱ्हाती?" एवढं विचारलं की सायकलच्या दुकानातला माणूसही पान्याचं टोक गल्लीकडे करायचा. ज्ञानू मोल्डरची बायको ही तिची ओळख त्यानंतरची. ज्ञानूला त्याचं वाईट वाटत नसे. उद्यमनगरातल्या फौंड्रीत तो छाती पुढं काढून सांगायचा, "मी भट्टीत लोखंड पातळ करतो, आन् माझी बायको माणसाच्या पोटातला दगूड!"

औषध म्हणजे पानफुटीचं पान. दुर्मीळ असं काही नाही. जाड, गुबगुबीत, कडेला बोथट दाते असलेलं पान. ते तुटून मातीवर पडलं तरी त्याच्या दात्यादात्यातून नवी रोपं फुटतात. चिमणाबाईचं माहेर गडहिंग्लजच्या खालच्या अंगाला, जिथं अर्धं गाव कानडी बोलतं. आईला ती 'अव्वा' म्हणायची. लग्नात सासरी निघताना अव्वानं तिच्या ओटीत नारळासोबत पानफुटीचं एकच पान घातलं होतं आणि कानात नेम सांगितले होते.

झाडाला लोखंड लावायचं नाही. त्यामुळं पेठेत सगळ्यांची झाडं डालड्याच्या डब्यात असली, तरी चिमणाबाईची मातीच्या कुंड्यांत आणि फुटक्या घागरींत असत. पान उन्हं यायच्या आत नखानं खुडायचं, आणि खुडल्यापासून रोग्याच्या हातात पडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. पान अख्खं पाहिजे, किडकं चालत नाही. ज्याच्या पोटात हे पान गेलं, त्याच्या अंगाला डॉक्टरचं पातं लागता कामा नये. "पान आन् पातं एका अंगाला चालत न्हाय," हे अव्वाचे शब्द होते. आणि शेवटचा नेम म्हणजे रोग्यानं लघवी पितळीत करायची. खडा पडला की पितळी टणकन वाजते. "वाजल्याबिगर गुण आला म्हणू नगंस," असं अव्वानं बजावलं होतं.

म्हणून चिमणाबाई पान घ्यायला परत आलेल्या माणसाला दारातच विचारायची, "वाजला का?" कुणी लाजत, कुणी हसत सांगायचं, "वाजला की मावशी!" कुणी चिंधीत बांधून खडा दाखवायलाच आणायचं. बदल्यात ती काही घेत नसे. तिला मूलबाळ नव्हतं. दारात उभ्या राहणाऱ्या माणसांनीच तिचं घर भरल्यासारखं व्हायचं.

सत्याहत्तर सालच्या पावसाळ्यात तिच्या स्वतःच्या नवऱ्याच्या कुशीत कळ उठली.

ज्ञानू भट्टीपाशी दिवसभर घाम गाळायचा आणि पाण्याऐवजी चहा प्यायचा. साचा भरताना मध्येच उठायला त्याला आवडत नसे. त्या दिवशी तो सायकल हातात धरून, कमरेत वाकून घरी आला. उंबऱ्यातच बसला. डाव्या कुशीतून मांडीपर्यंत कुणी तापलेली सळई फिरवतंय, असं त्याला वाटत होतं.

"काय झालं?" चिमणाबाईनं धावत येऊन विचारलं.

कपाळावर घाम साचला होता, तरी ज्ञानू हसला. "घरचं गिऱ्हाईक आलंय. पान दे."

दुसऱ्या दिवसापासून पान सुरू झालं. पण त्याच आठवड्यात परसात भलतंच सुरू झालं. पानांवर डाग पडू लागले. आधी ओलसर, मग करडे, मग काळपट. एखाद्या कुंडीत हात घालावा तर पान बोटांत कागदासारखं दबायचं. आतला गर गायब आणि दोन पातळ साली तेवढ्या उरलेल्या. चिमणाबाईनं आधी पावसाला बोल लावला, मग शेजारणीच्या नजरेला.

शेजारच्या माडीवर श्यामला नावाच्या बाई भाड्यानं राहत. मुलींच्या शाळेत त्या शास्त्र शिकवायच्या. कठड्यावरून त्यांनी चिमणाबाईला कुंड्यांपुढं बोटं मोडताना पाहिलं आणि त्या खाली आल्या. त्यांनी एक डागाळलेलं पान खुडून उजेडासमोर धरलं.

"चिमणाबाई, इकडं या. हा डाग नाही. कुणीतरी आत राहतंय."

चिमणाबाईनं डोळे बारीक करून पाहिलं. पानाच्या दोन सालींच्या मध्ये एक सावली हळूच पुढं सरकली आणि थांबली.

"आगं बया! ह्यो तर जावयागत आत बसून जेवाय लागलाय की!"

श्यामलाबाई हसल्या. त्यांनी नखानं साल उचलली. आत तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, फिकट पिवळट अळी होती. अंगावर काळे ठिपके आणि बारीक केस. तिच्या मागं काळ्या विष्ठेची रेघ उमटली होती. पान उघडताच कुबट वास आला.

मग त्यांनी दुसरं पान उलटं करून दाखवलं. देठाजवळ खसखशीच्या दाण्याएवढं, फिकट हिरवट काहीतरी चिकटलं होतं. "हे अंडं. मादी पानाच्या खालच्या बाजूला घालते. अळी बाहेर आली की लगेच पानाला भोक पाडते आणि आत शिरते. मग गर खात खात पुढं जाते. हे पान संपलं की दुसरं. पावसाची, पक्ष्यांची, मुंग्यांची भीती नको. पानातच जेवण आणि पानातच घर."

"आन् ही मादी कुठं असती?"

श्यामलाबाईंनी भिंतीकडे बोट केलं. एक लहानसं फुलपाखरू पंख मिटून बसलं होतं. पंख खालून पांढरे, त्यावर काळे ठिपके, आणि मागच्या पंखाला तांबडा-शेंदरी काठ. त्या काठाच्या टोकाला केसाएवढी बारीक शेपटी. ते उडालं तेव्हा वरची बाजू दिसली. ती काळी होती आणि मागच्या पंखावर तोच तांबडा पट्टा. उंच जाण्याचा त्याचा विचारच नव्हता. गुडघ्याएवढ्या उंचीवरून, वाऱ्यानं ढकलल्यासारखं, ते पुन्हा कुंडीकडेच आलं.

ही पाखरं चिमणाबाईनं जन्मभर पाहिली होती. लुगड्याच्या काठासारखी दिसतात म्हणून तिला ती आवडायची. ती परसात बागडली की तिला झाडं सुखी असल्यासारखी वाटायची.

"ही खात्यात व्हय माझी पानं?"

"ही नाही. ही फुलातला मध पिते. खाते ती अळी."

"आई तीच की! सवता गोड खायाचं आन् पोरं दुसऱ्याच्या ताटावर बसवायची!"

त्या दिवसापासून तिनं पाखरांशी दावा मांडला. राख टाकली. तंबाखूचं पाणी उकळून शिंपडलं. ते पानावरून ओघळून मातीत जायचं. अळी आत कोरडी, सुखात. कुणी फ्लिटचा पंप देऊ केला, पण तिनं तो दाराबाहेरच ठेवायला लावला. विष मारलेलं पान नवऱ्याच्या पोटात कसं घालायचं? मग एकच उपाय राहिला. उजाडताच ती उकिडवी बसून एकेक पान उलटं करायची आणि अंगठ्यानं अंडी चिरडायची. अंडं चिरडताना हाताला काही लागत नसे, इतकं ते हलकं. तरी तिच्या मनात काहीतरी टोचायचं. मग आतून ज्ञानूचं कण्हणं ऐकू आलं की ती पुढचं पान उलटायची.

अख्खी पानं कमी होत चालली. ती आता बाहेरच्या माणसांना परत पाठवू लागली. "झाडाला रोग आलाय, पावणं. म्होरल्या म्हयन्यात या." आणि जी अख्खी पानं निघत, ती सगळी ज्ञानूला. तो मीठ लावून चावायचा, तोंड वाकडं करायचा आणि फौंड्रीत जायचा. कळ आली की साच्याच्या मातीवरच आडवा व्हायचा.

श्यामलाबाईंनी एकदा त्याला ओट्यावर गाठलं. "ज्ञानदेवराव, एकदा दवाखान्यात जाऊन एक्स-रेचा फोटो काढून घ्या. खडा केवढा आहे, कुठं आहे, ते तरी कळेल."

"बाई, आमी कास्टिंगवर हातोडी मारतो," ज्ञानू म्हणाला. "भरीव आसलं तर घंटेवानी वाजतं. आत पोकळी आसली तर बद्द करतं. फोटो लागत न्हाय."

"माणूस म्हणजे कास्टिंग नव्हे."

"तेबी खरं," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून बोलला, "आवो, मी दवाखान्याच्या पायरीवर दिसलो तर पेठ काय म्हणंल? मुतखड्याच्या बाईचा दाल्लाच डाक्टरकडं! ह्या बाईला दुसरं काय हाय, सांगा की."

दाराआड उभ्या चिमणाबाईनं ते ऐकलं. तिनं तेव्हाच बाहेर येऊन 'पेठ गेली खड्ड्यात, चला दवाखान्यात' असं म्हणायला हवं होतं. पण तिला तेव्हा नवऱ्याच्या बोलण्यानं भरून आलं, आणि भरून आलेल्या माणसाला पुढचं दिसत नाही.

गणपती बसायच्या सुमाराला कळा थांबल्या.

एका सकाळी ज्ञानू उठला, ताठ चालत मोरीपर्यंत गेला आणि परत आला. चूळ भरली. भाकरी मागितली. चिमणाबाई त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली.

"दुखत न्हाय?"

"न्हाय."

"वाजला का?"

ज्ञानूनं भाकरीचा तुकडा मोडला. "व्हय. वाजला की."

"कवा? दावा की मला खडा!"

"गेला मोरीतनं व्हावत. बारका हुता."

तिनं पितळी घासून, हळदकुंकू लावून देवापुढं ठेवली. रविवारी दोघं जोतिबाला जाऊन नारळ फोडून आले. फौंड्रीत पेढे वाटले गेले आणि ही बातमी पेठेबाहेर गेली. पार कबनूरपर्यंत. तिथून गुंडू नावाचा, यंत्रमागावर काम करणारा एक किडकिडीत माणूस आला. पानं घेताना म्हणाला, "घरच्या माणसाला गुण दिलासा, म्हंजे मावशी, सोनंच की! न्हायतर वैद्याच्या घरी रोज पडसं." चिमणाबाईला बोलायचं नव्हतं, हातात खुडलेलं पान होतं. ती नुसती हसली. तसे आणखी कितीतरी आले. झाडांवरची उरलीसुरली चांगली पानं तिनं वाटून टाकली.

आता तिला अळ्यांचाही राग राहिला नव्हता. तिनं अंडी चिरडणं सोडलं. श्यामलाबाईंनी मुलींना दाखवायला एक बरणी भरून अळ्या नेल्या होत्या. एके दिवशी त्यांनी चिमणाबाईला वर बोलावलं. बरणीतल्या अळ्या पानातून बाहेर येऊन पानाच्या पाठीला, काचेला घट्ट चिकटल्या होत्या. अंग आखडून आखूड, फिकट गोळे झाले होते. त्यावर काळे ठिपके. हालचाल नाही.

"मेल्या व्हय?"

"नाही. हा कोश. आत अळीचं सगळं मोडून फुलपाखरू घडतंय. बाहेरून मात्र शांत."

"शांत हाय म्हंजे बरंच चाललंय," चिमणाबाई म्हणाली.

काही दिवसांनी कोश काळसर झाले. सालीतून तांबडा रंग दिसू लागला. मग एका सकाळी साल उकलली आणि ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं. चोळामोळा करून टाकलेल्या चिंधीसारखं. ते काडीला उलटं लोंबकळत राहिलं आणि बघता बघता पंख भरत गेले, पसरत गेले. चिमणाबाई हातातलं काम विसरून बघत होती. ज्ञानूला दाखवायचं म्हणून तिनं खाली हाक मारली. तो जिना चढून येऊ शकला नाही. तिसऱ्याच पायरीवर धापा टाकत बसला.

तेव्हा तिनं पहिल्यांदा त्याचे पाय नीट पाहिले. चपलेचा पट्टा पावलात रुतला होता. चप्पल काढली तरी खळगा तसाच.

दसऱ्यापर्यंत त्याचं तोंडही सुजलं. जेवण समोर आलं की मळमळायचं. तोंडाला लोखंडाची चव येते, म्हणायचा. उचकी लागली की थांबायची नाही. "भट्टीतला धूर बसलाय," असं तो सांगायचा. कुशीत दुखतं का, असं चिमणाबाई विचारायची. नाही, अजिबात नाही. मग तिला कळेना, रोग कुठं आहे? दुखणं नसलेल्या माणसाला झालंय काय?

तिला एकच औषध ठाऊक होतं. उजाडता ती परसात गेली. एक पान तिला दिसलं, वरून हिरवंगार, भरलेलं. तिनं नखानं खुडलं. अंगठा आत गेला. साल दबली आणि आतून काळं पाणी तिच्या बोटावर आलं. पानात काहीच नव्हतं. अळीसुद्धा नव्हती. ती खाऊन, बाहेर पडून, कधीच निघून गेली होती.

ती त्या पानाकडे बघत बसली. हातात पान असताना बोलायचं नसतं. पण तिच्या तोंडून मोठ्यानं हाक निघाली, "श्यामलाबाई!"

सरकारी दवाखान्यात दोघींनी ज्ञानूला टांग्यातून नेलं. ज्ञानूला विरोध करायचीही ताकद नव्हती. लघवी जवळजवळ बंद झाली होती. फोटो काढला. डॉक्टर तरुण होते, शांत बोलायचे. त्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडासमोर धरली. श्यामलाबाईंनी पान धरलं होतं, अगदी तशीच.

"दुखायचं कधी थांबलं?"

"गणपतीत. खडा पडला," चिमणाबाई म्हणाली.

"पडताना कुणी पाहिला?"

तिनं ज्ञानूकडे पाहिलं. ज्ञानू छताकडे बघत होता.

"हा बघा खडा. आहे तिथंच आहे," डॉक्टर म्हणाले. "मूत्रपिंड जिवंत होतं तोवर अडकलेलं बाहेर ढकलायला धडपडत होतं. त्या धडपडीचं ते दुखणं. मग ते दमलं. आता डाव्या बाजूला नुसती फुगलेली पिशवी आहे. आणि आता उजव्या बाजूलाही खडा उतरून वाट बंद झालीय. आजच्या आज ऑपरेशन करून ती वाट मोकळी केली तर आशा आहे. फार नाही. पण आहे."

ते गेल्यावर चिमणाबाई खाटेच्या कडेला टेकली. हळूच म्हणाली, "तुमी तर म्हणालासा, वाजला."

ज्ञानूनं डोळे मिटले. "न्हाय वाजला. दुखायचं थांबलं, म्हटलं पडला आसंल कवातरी. लोक परत चालल्तं गं दारातनं. तुझ्या पानाला बट्टा कशाला, म्हणून म्हटलं व्हय."

"हातोडीच्या आवाजावर जलम काढलासा, आन् मला खोटा आवाज सांगितलासा?"

तो एवढंच म्हणाला, "मी पातं लावून घेणार न्हाय."

"का?"

"अंगात पान हाय तुझं. अव्वानं सांगितल्यालं. पान आन् पातं एका अंगाला चालत न्हाय. आन् मी टेबलावर मेलो तर लोक म्हणतील, बाईनं नेम मोडला. आसाच ऱ्हाऊ दे मला."

डॉक्टर पुन्हा येऊन गेले. श्यामलाबाईंनी समजावलं, मग रागावल्या. ज्ञानूनं मान भिंतीकडे वळवली. ज्या नेमावर चिमणाबाईनं अख्खा संसार उभा केला होता, तोच नेम आता तिच्या नवऱ्याच्या उशाशी पहारा देत बसला होता. दुसऱ्या कुणाचा नेम असता तर तिनं चुलीत घातला असता. हा तिचाच होता.

ती उठली आणि चालत सुटली. महाद्वाराच्या बाजारातून, भाजीच्या पाट्यांवरून, कुणाच्या हाकेला ओ न देता. घरी येऊन तिनं चुलीपाशी ठेवलेली विळी उचलली आणि परसात नेऊन मांडली. पाटावर पाय ठेवला. पहिली कुंडी ओढली, झाड मुळापासून उपटलं आणि मेथीची जुडी चिरावी तसं पात्यावरून ओढलं.

अव्वाच्या पानाला पहिल्यांदाच लोखंड लागलं.

जाड देठ कचाकचा तुटत होते. अर्ध्या खाल्लेल्या पानांतून अळ्या बाहेर पडून मातीवर वळवळत होत्या. कोश चिरडले जात होते. पाखरं उठली आणि तिच्या डोक्याभोवती, हाताभोवती घिरट्या घालू लागली. काळी, पांढरी, तांबडी. त्यांना बसायला पान सापडेना. एक तिच्या मनगटावर बसलं. तिनं ते झटकलंही नाही. "जावा," ती म्हणाली. "जावा, बायांनो. कुणाचंच ऱ्हायलं न्हाय आता." आणि पुढचं झाड ओढलं.

शेवटच्या झाडाची चिरलेली फांदी पदरात घेऊन ती दवाखान्यात परत आली. ती तिनं ज्ञानूच्या छातीवर ठेवली.

"हे बगा. विळीनं चिरलंय. समदीच्या समदी चिरली. आता माझ्याकडं पान न्हाय, गुण न्हाय, काय बी न्हाय. नेम मी मोडलाय, तुमी न्हाय. आता तुमास्नी पातं लागलं तर कुणाचं काय जात न्हाय."

ज्ञानूनं चिकट, कापलेलं टोक बोटानं चाचपलं. त्याच्या सुजलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. "काय केलंस ह्ये, चिमणे. अव्वा कोपंल की."

"अव्वाला मी बघून घेते. तुमी डाक्टरला व्हय म्हणा."

"व्हय," तो म्हणाला. या वेळी खरं होतं.

ऑपरेशन झालं. वाट मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी नळीला लावलेल्या बाटलीत पिवळं पाणी साचलेलं दिसलं, तेव्हा चिमणाबाईनं त्या बाटलीला हात जोडले. ज्ञानू शुद्धीवर होता. बोटाच्या पेरानं त्यानं खाटेच्या लोखंडी कडेवर टकटक केलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "भरीव हाय." बाजूच्या खाटेवरचा म्हातारासुद्धा हसला. पण अंगात जे विष साचायचं ते आधीच साचलं होतं. ताप चढला आणि उतरलाच नाही. दिवाळीच्या तोंडावर ज्ञानू गेला.

मातीला पेठ जमली. चिमणाबाई भिंतीला टेकून बसली होती. बाहेर पुरुष बोलत होते आणि त्यांना वाटत होतं, ते हळू बोलतायत.

"पानानं बरा झाल्ता की! पेढं खाल्लं नव्हं आपण?"

"मग काय! पातं लावलं आन् गेला."

"बाईचा गुण खरा. डाक्टरनं घालवला."

तिला उठून ओरडावंसं वाटलं. पण खोटं एवढं भरीव वाजत होतं की खऱ्याला त्यात शिरायला जागा नव्हती.

आणि परसात वेगळाच प्रकार घडला. तिनं चिरून टाकलेल्या पानांच्या प्रत्येक तुकड्याला, जिथं जिथं दाता शिल्लक होता तिथं, रोप फुटलं. पाणी न घालता. कुंड्यांबाहेर, फरशीच्या फटीत, मोरीच्या काठावर. आधी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी झाडं होती, आता पाय ठेवायला जागा उरली नाही. पाखरं परत आली आणि पानं निवडून, त्यांच्या खालच्या बाजूला अंडी घालू लागली. तेराव्यानंतर माणसंही आली. "मावशी, दुःख हाय तुमास्नी, पर पान मिळंल का?"

"न्हाय. दवाखान्यात जावा. फोटो काढा."

"आसं कसं म्हणता? परसू तर भरलंय की!"

ती एक पान खुडायची, त्यांच्यासमोर ते चिरायची आणि आतली वळवळ दाखवायची. लोकांना वाटायचं, बाईला नवऱ्याच्या जाण्याचा धक्का बसलाय. कुणी भिंतीवरून हात घालून पानं चोरून नेऊ लागलं.

पण तिची झोप उडाली होती ती वेगळ्याच कारणानं. पेढे वाटल्यापासून ज्ञानूला दवाखान्यात नेईपर्यंत ती ज्यांना ज्यांना पानं देत होती, ते सगळे आता कुठं होते? कुणाला कळा असतील तर बरंच. पण ज्यांच्या थांबल्या असतील? नावं तिनं कधी विचारली नव्हती. पान देताना बोलायचंच नव्हतं ना. ती मंडईत उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघायची. एखाद्याला अडवायची, "पावणं, तुमी माझ्याकडनं पान नेलंसा का?" लोक बाजूला व्हायचे.

संक्रांतीच्या आधी एका दुपारी दारात सायकल लागली. कबनूरचा गुंडू. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात खणाची घडी. आल्या आल्या तो वाकून पाया पडला.

"ज्ञानूदादांचं कळलं मावशी, लई वंगाळ झालं. पर तुमच्या हाताला यश हाय बगा. माझं दुखायचं थांबलं. पानं खाल्ली आन् दिवाळीपास्नं एक कळ न्हाय!"

चिमणाबाईच्या हातातलं सूप खाली पडलं.

"वाजला का?"

"आँ?"

"खडा! पितळीत वाजला का? बघितलास का डोळ्यानं?"

गुंडू हसला. "दुखायचंच थांबलं की मावशी! आता वाजायचं काय घिऊन बसलाय?"

तिनं त्याच्या पायांकडे पाहिलं. वहाणेचा पट्टा पावलात किंचित रुतला होता. का तिलाच तसं वाटत होतं, तिला कळेना. तिनं त्याचं मनगट धरलं. एवढ्या जोरात की नारळ सुटून उंबऱ्यावर आपटला आणि परसाकडे गडगडत गेला.

"चल."

"कुठं? आवो, खण तरी घ्या की हातात—"

"खण पाण्यात घाल. फोटो काढायचा हाय तुझा."

"मला काय झालंय? सोडा की मावशी, लोक बघाय लागल्यात!"

"बघू दे." ती त्याला ओढत गल्लीतून निघाली होती. पायात चप्पल नव्हती, दार सताड उघडं होतं. माडीवरून श्यामलाबाईंनी हाक मारली, ती तिनं ऐकली नाही. सायकलच्या दुकानातला माणूस पाना हातात धरून बघत राहिला. गुंडू मनगट सोडवायचा प्रयत्न करत होता, हसत होता, मग हसायचा थांबला. चिमणाबाई मात्र मागं वळून न बघता एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत चालली होती.

"खरं सांग. वाजला का? वाजला का रं?"